स्ट्रासबर्गचा नाताळबाजार : सासू-सासऱ्यांसह एका दिवसात कसा पाहावा?

कार्ल्सरूहेकर (प्रश्न)

नमस्कार. मी आणि माझे यजमान गेली चार वर्षे जर्मनीत कार्ल्सरूहे येथे राहत आहोत आणि यंदा प्रथमच माझे सासू-सासरे ऐन हिवाळ्यात आमच्याकडे आले आहेत. डिसेंबरातला एक दिवस काढून त्यांना सीमेपलीकडचा, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा नाताळबाजार दाखवावा असे आमच्या मनात आहे. सकाळी निघून रात्री घरी परतायचे आहे. मुक्कामाचा विचार आम्ही सोडून दिला आहे, कारण सासूबाईंना परक्या बिछान्यावर झोप लागत नाही आणि त्या दिवसांतले तिथल्या हॉटेलांचे दर पाहिल्यावर आम्हालाही ती लागेनाशी होते.

सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त त्यांना चालवत नाही व जिने तर नकोच असतात. सासरे ७३ वर्षांचे असले तरी ठणठणीत आहेत; मात्र सारे आयुष्य यंत्रशाळेत गेल्यामुळे शोभेच्या वस्तूंपेक्षा दातेरी चाकांत त्यांचा जीव अधिक रमतो आणि तासभर दुकाने पाहून झाली की ‘आता पुढे काय?’ असे ते विचारू लागतात. दोघेही शाकाहारी आहेत, सासूबाई अंडेसुद्धा खात नाहीत आणि मद्याचा वासही दोघांना सहन होत नाही.

जर्मन वकिलातीने त्यांना एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा दिला आहे. फ्रान्समध्ये जाऊन परत आल्यास तो प्रवेश खर्ची पडेल काय, ही माझी पहिली शंका आहे. आगगाडीने जावे की मोटारीने, शनिवारी जावे की यजमानांनी मधल्या वारी रजा काढावी, तिथे या दोघांना खाण्यापिण्यासाठी काय मिळेल, हेही जाणकारांनी सांगावे. खरे तर याहून मोठी शंका निराळीच आहे. गेल्या वर्षी आम्ही दोघे शनिवारी दुपारी तिथे गेलो होतो आणि चार तास लोकांच्या पाठी पाहून परत आलो. तसाच दिवस या दोघांच्या वाट्याला येणार असेल, तर हा घाट घालावा की नाही?

रूळवेडा

व्हिसाची काळजी आधी मिटवतो. पासपोर्टावर चिकटवलेल्या व्हिसावर ‘गुल्टिष फ्यूर’ या शब्दांपुढे ‘शेंगेनर श्टाटेन’ असे छापलेले असेल, तर तो व्हिसा एकट्या जर्मनीपुरता नसून सगळ्या शेंगेन देशांना, म्हणजे आपसांतल्या सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांना, लागू आहे. एक प्रवेश म्हणजे शेंगेन क्षेत्रात बाहेरून एकदा येणे. ऱ्हाईन ओलांडून फ्रान्समध्ये जाणे आणि संध्याकाळी परतणे हा त्या क्षेत्राच्या आतलाच प्रवास असल्यामुळे त्या प्रवेशाला काहीही धक्का लागत नाही. मात्र सीमा आतली असली तरी तपासणी होऊ शकते. फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ पासून आणि जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केलेली आहे; ती सरसकट नसते, पण परतताना पोलीस गाडीत चढून कागद पाहतात, असा अनुभव येतो. तेव्हा चौघांनीही मूळ पासपोर्ट जवळ बाळगावेत आणि आपण दोघांनी निवास परवान्याचे कार्डही घ्यावे. मोबाइलमधले पासपोर्टचे छायाचित्र पोलिसांना चालत नाही.

मोटारीचा विचार सोडून द्यावा. बाजार ज्या बेटावर भरतो तिथे त्या काळात वाहनांना मज्जाव असतो, त्यामुळे शहराबाहेरच्या वाहनतळावर मोटार ठेवून ट्रामने आत यावे लागते आणि आगगाडी टाळल्याचा काहीच लाभ उरत नाही.

कार्ल्सरूहेहून जायला दोन मार्ग आहेत. पॅरिसकडे जाणारी वेगवान गाडी सुमारे ४० मिनिटांत थेट स्ट्रासबर्गला नेते. तिच्यात आरक्षण सक्तीचे असते, तिकीट जितके उशिरा काढाल तितके महाग पडते आणि स्वस्त तिकीट त्याच एका गाडीला बांधलेले असते. दुसरा मार्ग साध्या प्रादेशिक गाडीने ओफेनबुर्गला जाऊन, तिथे गाडी बदलून केलला उतरण्याचा आहे. केल हे ऱ्हाईनच्या अलीकडचे, म्हणजे जर्मनीतले शेवटचे गाव. तिथल्या स्थानकाबाहेरून स्ट्रासबर्गची डी मार्गाची ट्राम सुटते. ही ट्राम २०१७ पासून नदीवरच्या नव्या पुलावरून चालते आणि रुळांवरून देशाची सीमा ओलांडण्याची ही इतकी साधी तऱ्हा माझ्यासारख्याला तर बाजाराहूनही प्रिय आहे, पण ते असो. केलपर्यंतच्या प्रवासाला ‘बाडेन-व्युर्टेम्बेर्ग तिकीट’ चालते. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजेपर्यंत वैध असते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतरच लागू होते, परंतु बाजारच मुळी साडेअकराच्या सुमारास उघडतो, त्यामुळे या अटीची आपल्याला झळ लागत नाही. ट्रामचे तिकीट मात्र वेगळे काढावे लागते, आणि ते थांब्यावरच्या यंत्रात प्रमाणित करून मगच गाडीत चढावे. नुसते खिशात असलेले तिकीट तिथे तिकीट मानले जात नाही.

आपल्या जागी मी असतो तर वेळ अधिक जात असूनही दुसरा मार्ग धरला असता. वृद्ध माणसांबरोबर असताना परतीची वेळ त्यांच्या गुडघ्यांनी ठरवावी. आरक्षण साडेसातचे असेल आणि सासूबाई पाच वाजताच थकल्या, तर उरलेले अडीच तास थंडीत काढणे हीच त्या सहलीची आठवण होऊन बसते. ट्रामची पायरी फलाटाच्या पातळीत असते, त्यामुळे चढण्या-उतरण्याचा त्रास होत नाही. ओफेनबुर्गला मात्र गाड्या बदलताना हातात निदान १५ मिनिटे राहतील अशा बेताने गाड्या निवडाव्यात.

ईलकाठ

मी स्ट्रासबर्गमध्येच राहतो आणि गेली अनेक वर्षे पाहुण्यांना हा बाजार दाखवत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बाजार भरतो त्या बेटाला ‘ग्रांद ईल’, म्हणजे मोठे बेट, म्हणतात व त्याला वेढणाऱ्या नदीचे नावही ईलच. फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांचे स्पेलिंग वेगळे असले तरी आपल्या कानांना ते एकच वाटतात, तेव्हा रस्ता विचारताना घोटाळा होऊ देऊ नये.

गेल्या वर्षी आपल्याला पाठीच पाहाव्या लागल्या याचे कारण वार आणि वेळ या दोन्हींत आहे. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांतल्या, शनिवारी दुपारी दोन ते सात या वेळात कॅथीड्रलभोवतालच्या गल्ल्यांतून चालणे हे चालणे राहतच नाही, गर्दी नेईल तिकडे जावे लागते. सोमवार ते गुरुवार यांपैकी कोणताही वार निवडावा. यजमानांनी रजा काढावी, हे माझे निःसंदिग्ध उत्तर आहे. बाजार साधारणपणे नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात सुरू होतो. नाताळच्या आदल्या आठवड्यात मधल्या वारीही गर्दी वाढते, त्यामुळे डिसेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम.

दुसरी चूक बहुतेक जण करतात ती म्हणजे सगळा बाजार पाहण्याचा अट्टहास. सुमारे ३०० टपऱ्या बेटभर निरनिराळ्या चौकांत विखुरलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्यांवर तेच ते पदार्थ व त्याच त्या टोप्या असतात. आपण दोनच चौक पाहावेत. प्लास ब्रोग्ली येथे जुना, लांबट आकाराचा बाजार आहे. प्लास क्लेबेर येथे सुमारे ३० मीटर उंचीचा नाताळवृक्ष उभा करतात. कॅथीड्रलसमोरचा चौक वाटेत आपोआपच लागतो.

आता दिवसाची आखणी सुचवतो. केलहून येताना ट्राममधून ‘पोर्त द लोपिताल’ या थांब्यावर उतरावे, म्हणजे बेटावर पायी प्रवेश होतो. बाजाराच्या वेळात बेटाच्या आतले काही थांबे वगळले जातात, म्हणूनही हे सोयीचे. पुलांवर सुरक्षारक्षक पिशव्या उघडून पाहतात, तेव्हा मोठे सामान आणू नये. ११ डिसेंबर २०१८ रोजी याच बाजारात झालेल्या हल्ल्यात पाच जणांचे प्राण गेले, याची आठवण शहर विसरलेले नाही. तपासणीला लागणारी पाच मिनिटे इथे कोणी कुरकुरत देत नाही.

पूल ओलांडून नदीकाठाने कॅथीड्रलच्या दक्षिणेला असलेल्या रोआँ राजवाड्याजवळ यावे. तिथून फेरीच्या होड्या सुटतात. हिवाळ्यात त्या काचेने बंदिस्त आणि आतून उबदार असतात, फेरी सुमारे सव्वा तासाची असते आणि बेटाला वळसा घालून, पतीत फ्रांस या कातडी कमावणाऱ्यांच्या जुन्या वस्तीतल्या जलपाशातून, म्हणजे पाणी भरून होडी वरच्या पातळीला नेणाऱ्या दरवाजांच्या हौदातून, वर चढून ती युरोपीय संसदेपर्यंत जाऊन येते. चालून पाहायला ज्याला तीन तास लागतील ते सारे सासूबाईंना बसल्या जागी दिसेल. जलपाशात पाण्याबरोबर होडी वर उचलली जाते तेव्हा सासरेबुवा खिडकीला नाक लावून बसतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जागा आधीच राखून ठेवाव्यात.

त्यांच्यासाठी खरा खजिना मात्र कॅथीड्रलच्या आत आहे. तिथले खगोलीय घड्याळ सुमारे १८ मीटर उंच आहे. कॅथीड्रलमधले हे तिसरे घड्याळ. पहिले चौदाव्या शतकातले, दुसरे १५७४ चे आणि सध्याची यंत्रणा जाँ-बाप्तिस्त श्विल्गे याने १८४२ च्या सुमारास सिद्ध केली. दरवर्षी बदलणारी ईस्टरची तारीख हे यंत्र केवळ दातेरी चाकांच्या हिशोबाने काढते. दर पाव तासाला मनुष्याची एकेक अवस्था, म्हणजे बालक, तरुण, प्रौढ आणि वृद्ध, मृत्यूच्या आकृतीसमोरून पुढे सरकते आणि पूर्ण तासाचे ठोके मृत्यू स्वतः देतो. दुपारी साडेबाराला बारा शिष्य ख्रिस्तासमोरून जातात आणि कोंबडा तीनदा आरवतो. साडेबाराच का, तर घड्याळ स्थानिक सौर वेळेवर चालते आणि स्ट्रासबर्ग मध्य युरोपीय वेळेच्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे ते सुमारे अर्धा तास मागे असते. म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने तेव्हा बाराच वाजलेले असतात. हा सोहळा पाहण्यासाठी वेगळे तिकीट घ्यावे लागते आणि त्या वेळी इतरांना आत सोडत नाहीत. तो साधला नाही तरी दर पाव तासाची हालचाल दिवसभर चालूच असते.

कॅथीड्रलमधून बाहेर पडल्यावर मान वर करून मनोऱ्याकडे पाहावे. गुलाबी वालुकाश्माचा हा एकुलता मनोरा १४३९ मध्ये पूर्ण झाला. त्याची उंची १४२ मीटर आहे, आणि १६४७ ते १८७४ एवढा काळ ही जगातली सर्वांत उंच इमारत होती. दुसरा मनोरा कधी बांधलाच गेला नाही.

बाजारात पाऊल टाकायची वेळ त्यानंतरची, चारच्या जरा आधीची. डिसेंबरात इथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतरचा पाऊण तास हाच बाजाराचा गाभा आहे. आकाश अजून गडद निळे असते, दिवे लागलेले असतात आणि कचेऱ्या सुटलेल्या नसल्यामुळे गर्दी आटोक्यात असते. साडेपाचला परतीच्या वाटेला लागावे. पाहुणे सकाळपासून टपऱ्यांमध्ये भटकून चार वाजता थकून परत निघतात आणि ज्यासाठी आले तेच न पाहता जातात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे.

या बाजाराचे स्थानिक बोलीतले नाव ‘क्रिस्टकिंडेल्समेरिक’, म्हणजे बाळ ख्रिस्ताचा बाजार. शहर प्रोटेस्टंट झाल्यावर संत निकोलसच्या नावाची जत्रा धर्मसुधारकांना खपेना, म्हणून १५७० मध्ये ती बंद होऊन नाताळच्या तोंडावर हा बाजार भरू लागला. फ्रान्समध्ये असूनही नाव जर्मन वळणाचे का, असे सासऱ्यांनी विचारल्यास अल्सासचे हे शहर १८७१ मध्ये जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सकडे, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीकडे आणि युद्धाच्या शेवटी परत फ्रान्सकडे गेले, एवढे सांगितले तरी ट्रामचा प्रवास सरेल.

मिताहारी

खाण्यापिण्याचे मी सांगते, कारण माझ्या घरीही अंडे चालत नाही आणि या बाजारात मी उपाशी राहिलेली आहे.

अल्सासचा ‘फ्लामकुख’ किंवा ‘तार्त फ्लाँबे’ हा आपल्या माणसांना हमखास रुचणारा पदार्थ आहे. पापडासारख्या पातळ लाटलेल्या पोळीवर आंबूस साय, मऊ ताजे चीज आणि कांदा पसरून ती कडक आचेच्या भट्टीत भाजतात. पोळीच्या पिठात सहसा अंडे नसते. मात्र मूळ पदार्थावर डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, म्हणून ‘साँ लार्दों’, म्हणजे त्या तुकड्यांविना, असे स्पष्ट सांगावे आणि आधीच भाजून ठेवलेल्यावरचे तुकडे काढून न देता नवी भाजून द्यायला लावावी. मशरूम घातलेली शाकाहारी आवृत्तीही मिळते. वरून चीज किसून घातलेल्या प्रकाराबाबत एक सूचना : अनेक मुरलेल्या चीजमध्ये जनावरांपासून काढलेले विरजण असते, तेव्हा सासूबाई त्याबाबत काटेकोर असतील तर साधाच प्रकार मागावा.

भाजलेले गरम चेस्टनट आणि साखरेत परतलेले बदाम निर्धास्त घ्यावेत. बटाट्याच्या खमंग दिसणाऱ्या तळलेल्या थालीपिठांच्या मोहात मात्र पडू नये, कारण ती बांधून येण्यासाठी पिठात बहुधा अंडे घालतात. ‘ब्रेडेले’ नावाची नाताळची छोटी बिस्किटे दिसायला देखणी असली तरी त्यांतल्या जवळजवळ सगळ्या प्रकारांत अंडे असते. ६ डिसेंबरच्या संत निकोलसच्या सणाला माणसाच्या आकाराचे गोड पाव करतात, त्यांतही ते असतेच. मधाच्या मसालेदार पावाचे जुने प्रकार बिनअंड्याचे असू शकतात, पण विचारल्याशिवाय घेऊ नये. ‘साँ ज़ो’ म्हणजे अंड्याविना, एवढे दोन शब्द पाठ असले तरी काम भागते.

पेयाच्या बाबतीत सावधगिरी हवी. चौकाचौकांत दरवळणारा तो दालचिनी-लवंगेचा वास उकळत्या वाइनचाच असतो आणि इथे लालबरोबर पांढऱ्या वाइनचीही तशी मिळते, त्यामुळे पेयाच्या रंगावरून काही ओळखता येत नाही. मसाला घातलेला सफरचंदाचा गरम रस जवळपास सगळीकडे असतो. मागताना ‘साँ आल्कोल’ हे शब्द जोडावेत आणि पहिला घोट आपण स्वतः घेऊन पाहावा. पेल्यासाठी अनामत रक्कम घेतात, पेला परत केला की ती परत मिळते. मद्याचा वास सहन होत नाही असे आपण लिहिले आहे, म्हणून पेयांच्या टपऱ्यांजवळ न थांबता पेला घेऊन मोकळ्या कडेला यावे.

असे असले तरी दुपारचे जेवण बाजारावर सोपवू नका. घरून दशम्या आणि कोरडी चटणी न्यावी व थर्मासमध्ये चहा. होडीच्या फेरीनंतर कुठेतरी आडोशाला बसून खावे. बाजारात उभ्याने खाण्यात पहिल्या पाच मिनिटांपुरतीच गंमत आहे, त्यानंतर बोटे गारठतात.

खरेदीचे विचारलेले नाही, तरी थोडे सांगते. सूफलेनहाइमची रंगीत मातीची भांडी आणि बेत्शडोर्फची राखाडी-निळी भांडी ही याच प्रदेशातल्या कुंभारांची कामगिरी आहे आणि ती टोप्या-मफलरांपेक्षा कितीतरी चांगली आठवण ठरतात. पण सगळ्यांत सुंदर असतात ते माइझेनथालचे फुंकून केलेले काचेचे गोळे. त्यांच्यामागे एक कथा सांगतात. पूर्वी नाताळवृक्षावर खरी सफरचंदे टांगत. १६०५ मधल्या स्ट्रासबर्गच्या एका वर्णनात कागदी गुलाबांबरोबर सफरचंदांचाही उल्लेख आहे. १८५८ च्या दुष्काळात सफरचंदेच आली नाहीत, तेव्हा त्या भागातल्या काच कारागिराने काचेची फळे करून दिली. घरी नेताना गोळा पिशवीत न ठेवता कोटाच्या आतल्या खिशात ठेवावा, असे एक फुटलेला गोळा मला सांगून गेला.

अरण्यक

वरची सगळी उत्तरे योग्य आहेत, पण मूळ प्रश्नाकडे पुन्हा वळावेसे वाटते. गुडघेदुखी असलेल्या बाईंना दगडी फरसबंदीवरून, जाता-येता चार वेळा गाडी बदलून नेण्याची गरज आहे का? ओफेनबुर्गहून काळ्या जंगलाच्या (ब्लॅक फॉरेस्टच्या) रेल्वेवर दहा मिनिटांत गेंगेनबाख लागते. तिथल्या नगरभवनाच्या दर्शनी भिंतीला २४ खिडक्या आहेत आणि डिसेंबरात रोज संध्याकाळी त्यांतली एकेक उघडून सगळ्या इमारतीचीच ॲडव्हेंट दिनदर्शिका करतात. गाव एवढेसे आहे की चालून चालून किती चालणार? मी असतो तर तिथेच गेलो असतो.

तरीही स्ट्रासबर्गच ठरले, तर कपड्यांकडे लक्ष द्यावे. पारा शून्य ते पाच अंशांच्या दरम्यान असला तरी नदीकाठची दमट हवा त्याहून गार लागते आणि थंडी वरून कमी, पायांखालच्या दगडातून अधिक चढते. जाड तळाचे बूट आणि लोकरी मोजे यांवर खर्च करावा, भारी कोट नसला तरी चालेल. सासूबाई साडी नेसत असतील तर आत लोकरी विजार घालून साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसावी, कारण ओल्या फरसबंदीवर काठ भिजला की तो सुकत नाही आणि दिवसभर पायाला गार पट्टी बांधल्यासारखे होते. गुडघ्यांवर लोकरी पट्टे घालावेत. घडीची छोटी तिपाई नेता आली तर न्यावीच. बाजारात बसायला जागा जवळजवळ नसते. स्थानक आणि बेट यांच्यामध्ये ‘प्लास दे आल’ नावाचे मोठे बंदिस्त व्यापारी संकुल आहे. तिथे ऊबही मिळते आणि प्रसाधनगृहही.

कार्ल्सरूहेकर

सर्वांचे मनापासून आभार. अरण्यक यांच्या सूचनेवर घरात दोन दिवस खल झाला, परंतु खगोलीय घड्याळाचे वर्णन सासऱ्यांनी वाचले आणि निर्णय आमच्या हातात राहिला नाही. आम्ही मंगळवारी जाऊन आलो, तो वृत्तांत इतरांना उपयोगी पडावा म्हणून लिहिते.

ठरवलेले सगळे जमले नाही. ओफेनबुर्गला जाणारी आमची गाडी उशिरा आली, पुढची गाडी चुकली आणि केलला ट्राममध्ये बसेपर्यंत सव्वाबारा वाजून गेले, त्यामुळे साडेबाराचा सोहळा हुकला. सासरे काही बोलले नाहीत, पण ट्रामने ऱ्हाईन ओलांडताना त्यांनी घड्याळाकडे ज्या प्रकारे पाहिले त्यावरून काय ते समजले. होडीने मात्र सारे सावरून घेतले. सासूबाईंनी बूट सैल केले, पाय समोरच्या गरम नळीजवळ ठेवले आणि जलपाशाचा दरवाजा उघडण्याची वाट पाहत बसलेले सासरे शहराकडे एकदाही वळून पाहत नाहीत, हे त्यांनी मला हळूच दाखवले. दशम्या होडीतून उतरल्यावर राजवाड्याच्या भिंतीच्या आडोशाला खाल्ल्या. तिपाईवर सासूबाई बसल्या होत्या आणि दोन अनोळखी फ्रेंच आजीबाईंनी खुणेनेच ती कुठे मिळाली असे विचारले.

कॅथीड्रलमध्ये आम्ही सव्वातीनला पोचलो. प्रौढ माणसाची आकृती तेवढ्यात पुढे सरकून गेली होती. साडेतीनला वृद्धाची पाळी आली, घड्याळाच्या हिशोबाने तीन वाजले म्हणून मृत्यूने तीन ठोके दिले आणि आजूबाजूचे लोक मोबाइल खाली करून निघून गेले. सासरे मात्र तिथून हलेनात. पावणेचारचे बालक, चारचा तरुण, सव्वाचारचा प्रौढ अशी सगळी मिरवणूक त्यांनी पाहिली आणि साडेचारला तोच वृद्ध पुन्हा आला तेव्हा ते मला म्हणाले, “हा गृहस्थ गेली पावणेदोनशे वर्षे दर तासाला मृत्यूसमोरून जातो आणि पुढच्या तासाला पुन्हा हजर होतो. वंगण उत्तम असले पाहिजे.”

बाजारासाठी त्यामुळे तासभरच उरला आणि तो पुरला. ईलकाठ यांनी सांगितलेला तो निळा पाऊण तास आम्हाला प्लास ब्रोग्लीवर मिळाला. गर्दी होती, पण चालता येत होते. सफरचंदाचा गरम रस दोघांनाही आवडला. फ्लामकुख सासूबाईंना ‘बरी आहे, पण कडेने करपली’ अशी वाटली. माइझेनथालचा एक गोळा घेतला आणि सांगितल्याप्रमाणे तो यजमानांच्या आतल्या खिशातून सुखरूप घरी आला. परतताना केलला पोलिसांनी पासपोर्ट पाहिले, व्हिसावर बोट ठेवून मान डोलावली, एवढेच. पावणेसहाला निघून सव्वाआठला आम्ही घरी होतो.

आता एक उपप्रश्न. सासऱ्यांना बाजार उठल्यावर, जानेवारीत, केवळ साडेबाराच्या बारा शिष्यांसाठी पुन्हा जायचे आहे आणि सासूबाईंनी होडीच्या अटीवर होकार दिला आहे. व्हिसाची मुदत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे. त्या सोहळ्याच्या तिकिटासाठी कॅथीड्रलच्या कोणत्या दाराशी आणि किती आधी उभे राहावे, हे ईलकाठ यांनी कृपया सांगावे.

ईलकाठ

दक्षिणेकडच्या, म्हणजे होड्यांच्या बाजूच्या दाराशी या. जानेवारीत गर्दी नसते, तरी साडेअकरालाच या, कारण सोहळ्याआधी घड्याळाच्या रचनेवर एक चित्रफीत दाखवतात आणि ती सासरेबुवांनी चुकवू नये. घड्याळासमोर डाव्या बाजूला खांबाजवळ उभे राहिले तर कोंबड्याचे पंखही हलताना दिसतात. आणि या खेपेला ओफेनबुर्गला एक गाडी आधीची पकडा.